घरच्या बागेत ॲस्परॅगस: चर खणण्यापासून पहिल्या तोडणीपर्यंत

माझा ॲस्परॅगसचा पहिला वाफा चौथ्या वर्षी संपला. रोग आला नव्हता, पाणीही कमी पडलं नव्हतं. दुसऱ्याच वर्षी बोटाएवढे जाड कोंब वर आले, ते बघून मी हरखून गेले आणि येतील तसे सगळे तोडत राहिले, चांगले सात-आठ आठवडे. तिसऱ्या वर्षी काडीसारखे बारीक कोंब आले. चौथ्या वर्षी निम्म्या वाफ्यात काही उगवलंच नाही. उकरून पाहिलं तर मुळं हाताला चिपाडासारखी पोकळ लागली.

दुसरा वाफा मी वेगळ्या जागी, सगळं नव्याने शिकून लावला. त्याला आता नऊ वर्षं झाली आणि तो दर हंगामात भरभरून देतो. दोन्ही वाफ्यांतून जे कळलं ते इथे क्रमाने मांडते, म्हणजे तुमची चार वर्षं वाया जायची नाहीत.

१. कोंब कुठून येतो, हे आधी समजून घ्या

ॲस्परॅगस ही बहुवर्षायू भाजी आहे. नीट सांभाळली तर एकाच जागी १५ ते २० वर्षं उत्पन्न देते. जमिनीखाली तिचा गड्डा असतो: मधोमध डोळ्यांचा पुंजका आणि त्याच्या चहूबाजूंनी कोळ्याच्या पायांसारखी पसरलेली लांब, मांसल मुळं. रोपवाटिकांमध्ये या गड्ड्याला क्राउन म्हणतात. थंडी ओसरून जमीन साधारण १० अंश सेल्सिअसपर्यंत तापली की डोळे फुटतात आणि कोंब वर येतात. आपण खातो तो हाच कोंब.

तो तोडला नाही तर भराभर उंच होतो, त्याला फांद्या फुटतात आणि माणसाच्या उंचीचा मऊ हिरवा पिसारा तयार होतो. पिसाऱ्यावरच्या सुया पानांसारख्या दिसतात, पण त्या खरं तर बारीक फांद्याच असतात. खरी पानं म्हणजे कोंबाच्या अंगाला चिकटलेले ते तिकोनी खवले. अन्न तयार करायचं काम मात्र या सुया करतात. हंगामभर त्यांनी केलेलं अन्न मुळांत साठतं आणि पुढच्या वर्षीचे कोंब त्याच शिदोरीवर वर येतात.

म्हणजे तुम्ही तोडलेला प्रत्येक कोंब मुळांतल्या साठ्यातून जातो, आणि उभा राहिलेला प्रत्येक पिसारा तो साठा भरून काढतो. पहिल्या वाफ्यात मी नुसतं काढत राहिले, भरायला वेळच दिला नाही. पुढे सांगितलेल्या बहुतेक सूचना या एका गोष्टीतून निघतात, म्हणून तिच्यावर इतका वेळ घालवला.

नावाचाही एक घोटाळा आधीच सोडवून टाकू. मराठीत ॲस्परॅगसला बरेच जण शतावरी म्हणतात. औषधात वापरतात ती शतावरी म्हणजे ॲस्परॅगस रेसिमोसस. ती काटेरी, वेलासारखी चढणारी आणि तिची मुळं उपयोगाची. भाजीचा ॲस्परॅगस म्हणजे ॲस्परॅगस ऑफिसिनॅलिस: बिनकाट्याचा, सरळ उभा वाढणारा. कुंडीत शोभेसाठी लावतात ते नाजूक जाळीदार ‘ॲस्परॅगस फर्न’ तिसरंच, आणि ते खायचं नसतं. कुळ एकच असल्यामुळे नाव सारखं आहे. रोप किंवा बी घेताना ‘ऑफिसिनॅलिस’ हा शब्द बघूनच घ्या.

२. जागा अशी निवडा की वीस वर्षं हलवावी लागणार नाही

दिवसातून किमान सहा तास, जमल्यास आठ तास ऊन हवं. पिसारा उंच होतो, त्यामुळे त्याची सावली दुसऱ्या भाज्यांवर पडणार नाही अशी बागेची एखादी कड बरी. फार वारा लागणारी जागा टाळा, नाहीतर पिसारा लोळतो. मोठ्या झाडांच्या मुळांपासूनही लांब राहा.

निचऱ्याच्या बाबतीत तडजोड करू नका. ॲस्परॅगसला पाणी आवडतं, पण साचलेलं पाणी चालत नाही, गड्डा कुजतो. जागा ठरवण्याआधी तिथे फूटभर खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, ते जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी चार-पाच तासांनीही तसंच उभं दिसलं तर जमिनीत लावू नका. त्या जागेवर ३० सेंटिमीटर किंवा त्याहून उंच वाफा बांधून त्यात लावा. जड चिकण मातीत भरपूर कंपोस्ट मिसळल्याने फरक पडतो, पण पाणी साचणाऱ्या जागी उंच वाफ्याशिवाय इलाज नाही.

मातीचा सामू (पीएच) ६.५ ते ७.५ असावा. माती आम्ल असेल तर लावणीच्या काही महिने आधी चुना मिसळा. माती परीक्षण आत्ताच करून घ्या, कारण गड्डे जमिनीत गेले की तळची माती पुन्हा हाताळता येत नाही.

जिथे पूर्वी ॲस्परॅगस होता त्या जागी पुन्हा लावू नका. जुन्या मुळांतून सुटणारी द्रव्यं नव्या झाडांना मारक ठरतात, आणि फ्युजेरियम बुरशी मातीत वर्षानुवर्षं टिकून राहते. मला जुन्या वाफ्यातली भुसभुशीत, खत मुरलेली माती सोडवत नव्हती. तरीही सोडली, आणि ते बरंच झालं.

हवामानाबद्दल. या झाडाला वर्षातून एकदा विश्रांती लागते. थंड प्रदेशात हिवाळा ती आपोआप देतो. पिसारा वाळतो, गड्डा झोपी जातो. जिथे कडक थंडी पडत नाही तिथे कोरड्या महिन्यांत पाणी तोडून पिसारा वाळवतात आणि विश्रांती घडवून आणतात. तैवान आणि थायलंडसारख्या उष्ण प्रदेशांत वेगळीच रीत आहे: प्रत्येक झाडाचे तीन-चार कोंब न तोडता पिसारा होऊ देतात, ते ‘आईचे दांडे’ म्हणून उभे ठेवतात, आणि बाकीचे कोंब जास्त काळ तोडत राहतात. उभे दांडे मुळांना खाऊ घालत राहतात म्हणून झाड तग धरतं. तुमच्याकडे हिवाळा नावापुरताच असेल तर ही रीत वापरून बघा.

३. बी लावायचं की गड्डे?

नवख्या माणसाने एक वर्षाचे गड्डे घ्यावेत, असं माझं ठाम मत आहे. बियांपासून लावलं तर पहिल्या तोडणीला आणखी एक वर्ष थांबावं लागतं, आणि पहिल्या वर्षीची रोपं इतकी नाजूक असतात की तणात हरवून जातात. दोन-तीन वर्षांचे मोठे गड्डे महाग मिळतात. त्यांतून पीक लवकर येईल असं वाटतं, पण उपटताना त्यांची मुळं जास्त तुटलेली असतात आणि त्यांना सावरायला वेळ लागतो. शेवटी ते एक वर्षाच्या गड्ड्यांच्या बरोबरीनेच येतात.

गड्डे हातात आल्यावर तपासून घ्या. मुळं भरीव आणि लवचीक हवीत, रंग फिकट तपकिरी हवा. बोटाने दाबल्यावर पिचकणारी, बुरशी आलेली किंवा कुरकुरीत वाळलेली मुळं नकोत. मला एकदा पार्सलने अर्धे वाळलेले गड्डे आले होते. पैसे दिलेत तर लावून बघू, असं म्हणून लावले. दहापैकी तीन उगवले, आणि मोकळ्या राहिलेल्या जागा पुढे कायम खटकत राहिल्या. असे गड्डे तेव्हाच परत करायला हवे होते.

बीच लावायचं असेल तर ते एक दिवस पाण्यात भिजवा आणि दीड-दोन सेंटिमीटर खोल पेरा. २५ अंशांच्या आसपास उबदार जागी दोन-तीन आठवड्यांत उगवतं. थंड मातीत महिना-दीड महिनाही लागतो, तेव्हा आशा सोडून ट्रे रिकामा करू नका.

ॲस्परॅगसमध्ये नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं. मादीची शक्ती फळं धरण्यात जाते, त्यामुळे तिचे कोंब थोडे जाड पण संख्येने कमी असतात. शिवाय तिची लाल फळं गळून वाफाभर रोपं उगवतात आणि ती तणासारखीच काढत बसावी लागतात. ही फळं विषारी आहेत. घरात लहान मुलं असतील तर हे ध्यानात ठेवा. जर्सी नाइट, जर्सी सुप्रीम, जर्सी जायंट हे अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात तयार झालेले वाण मुख्यतः नर झाडांचे आहेत. नेदरलँड्सचा गाइनलिमही तसाच. कॅनडाच्या ग्वेल्फ विद्यापीठाचा मिलेनियम कडक थंडीत टिकतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाचा यूसी १५७ उबदार हवेला चांगला, पण त्यात नर-मादी दोन्ही येतात. मेरी वॉशिंग्टन हा तांबेरा (पिसाऱ्यावरचा बुरशीचा रोग) सहन करणारा म्हणून नावाजलेला जुना वाण, आणि त्याचं बी सहज मिळतं. पर्पल पॅशनचे कोंब जांभळे आणि चवीला गोडसर असतात. शिजवले की जांभळेपणा जातो, म्हणून ते कच्चे खाण्यात मजा आहे.

किती लावायचे? अधूनमधून खाणाऱ्या घरात माणशी ५-६ झाडं पुरतात, आवडीने खाणाऱ्यांसाठी माणशी १० धरा. तीन-चार झाडं लावली तर एका वेळी ताटभर कोंब कधीच जमत नाहीत.

४. हाताशी काय काय हवं

- कुदळ, फावडं, खुरपं
- मोजपट्टी आणि ओळ आखायला सुतळी
- चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, चराच्या तळाशी ५ सेंटिमीटरचा थर बसेल एवढं
- हाडांचं खत किंवा दुसरं स्फुरदयुक्त (फॉस्फरसचं) खत
- आच्छादनाला पालापाचोळा, गवताचा पेंढा किंवा लाकडाचा भुसा
- पिसाऱ्याला आधार द्यायला खुंट्या आणि दोरी
- धारदार लहान सुरी
- तारखा लिहायला एक वही

वही ऐच्छिक समजू नका. तोडणी कधी सुरू केली आणि कधी थांबवली हे पुढच्या वर्षी आठवत नाही.

५. लावणी

लावणी थंडी ओसरताना करा. जमिनीला वाफसा आलेला हवा. मूठभर माती दाबून सोडली की ती फुटली पाहिजे.

लावणीच्या आधी तण मुळासकट काढा. वरवरची खुरपणी पुरत नाही. हरळी, लव्हाळा यांच्यासारखं मुळांनी पसरणारं तण एकदा गड्ड्यांच्या मुळांत गुंतलं की ते काढताना गड्डाच उखडतो. जागा तणाने भरलेली असेल तर लावणी एक वर्ष पुढे ढकला आणि ते वर्ष जमीन साफ करण्यात घालवा. दुसऱ्या वाफ्याच्या वेळी मी हेच केलं.

मग चर खणा. रुंदी ३० सेंटिमीटर. खोली हलक्या मातीत १५ ते २० सेंटिमीटर, जड मातीत १० ते १५. एकाहून जास्त ओळी असतील तर दोन चरांमध्ये सव्वा ते दीड मीटर अंतर ठेवा. आज ते उगीच जास्त वाटेल, पण चौथ्या वर्षी पिसारे एकमेकांना भिडतात आणि मधून चालायला वाट उरत नाही.

तळाशी कंपोस्ट पसरा. स्फुरद याच वेळी द्या, कारण तो मातीत फारसा सरकत नाही; नंतर वरून टाकला तर मुळांपर्यंत पोचत नाही. चराच्या मधोमध मातीचा ७-८ सेंटिमीटर उंचीचा लांबट वरंबा करा. गड्डा त्या वरंब्यावर, घोड्यावर खोगीर ठेवतात तसा ठेवा: डोळे वर, मुळं दोन्ही बाजूंना खाली पसरलेली. डोळे कुठले हे कळत नसेल तर गड्डा उजेडात धरून बघा. मध्यभागी टोकदार, खवल्यांचे लहान लहान कोंब एकमेकांना चिकटून बसलेले दिसतात, तीच वरची बाजू. दोन गड्ड्यांमध्ये ४५ सेंटिमीटर अंतर ठेवा. जागा अगदीच कमी असेल तर ३०.

मुळं उघडी ठेवून सगळे गड्डे मांडत बसू नका. ऊन आणि वारा यांनी ती अर्ध्या तासात वाळतात. ओल्या कापडात गुंडाळलेले गड्डे एकेक काढा, ठेवा, माती लोटा.

गड्ड्यांवर पहिल्या दिवशी फक्त ५ सेंटिमीटर माती घाला आणि पाणी द्या. चर लगेच भरून टाकू नका. कोंब वर येऊन वाढतील तशी दर दोन-तीन आठवड्यांनी थोडी थोडी मातीची भर द्या. कोंबाचं टोक नेहमी मातीच्या वर राहिलं पाहिजे. हंगाम संपेपर्यंत चर जमिनीच्या पातळीला येतो.

कुंडीत लावायचं म्हणत असाल तर मी उत्साह दाखवणार नाही. अर्धा मीटर खोल आणि तितकंच रुंद पिंप एका झाडाला लागतं, आणि तरीही झाड जमिनीतल्याइतकं जगत नाही. दुसरी जागाच नसेल तरच करा.

६. पहिली दोन वर्षं

पहिल्या वर्षी जे वर येतं ते बघून धीर सुटतो. गवताच्या काडीएवढे कोंब, त्यांचा गुडघ्याएवढा विरळ पिसारा. सगळं ठीक चाललं आहे. खाली मुळं पसरत असतात.

पहिल्या वर्षी एकही कोंब तोडू नका. दुसऱ्या वर्षीही हात आवरा. झाडं जोमदार दिसली तर आठवडाभर थोडे कोंब तोडले तर चालतात असं बरेच जण सांगतात आणि त्यात चूक नाही. पण मी दुसऱ्या वाफ्यात तेही केलं नाही.

पाणी: पाऊस नसेल तेव्हा आठवड्याला साधारण अडीच सेंटिमीटर पाणी मिळालं पाहिजे. रोज शिंपडा मारण्यापेक्षा आठवड्यातून एकदा-दोनदा भरपूर द्या, म्हणजे मुळं खोल जातील. शक्यतो बुंध्याशी द्या, पिसारा भिजवू नका. तिसऱ्या वर्षापासून झाड बरीच कोरड सोसतं.

तण: हे काम सगळ्यात कंटाळवाणं आणि पहिल्या दोन वर्षांत सगळ्यात महत्त्वाचं. हातानेच उपटा. कुदळ किंवा खोल खुरपणी केली तर जमिनीलगतचे डोळे कापले जातात, आणि तो तोटा पुढच्या वर्षी कळतो. तण काढून झालं की ८-१० सेंटिमीटर जाड आच्छादन घाला.

वाफ्यात मीठ टाकलं की तण मरतं, असा जुना सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. ॲस्परॅगस मूळचा समुद्रकाठच्या जमिनीतही वाढणारा, त्यामुळे इतर झाडांपेक्षा त्याला मीठ जास्त सोसतं, हे खरं. पण मिठाने मातीची घडण बिघडते, निचरा कमी होतो आणि ते शेजारच्या वाफ्यांत वाहून जातं. ते करू नका.

खत: वर्षातून दोनदा पुरे. एकदा कोंब येण्याआधी कंपोस्टचा थर द्या, आणि दुसऱ्यांदा तोडणी संपल्यावर. मला विचाराल तर दुसरी वेळ जास्त मोलाची, कारण तेव्हा पिसारा उभा राहत असतो.

७. तोडणी

तिसऱ्या वर्षी तीन ते चार आठवडे तोडा. चौथ्या वर्षापासून सहा ते आठ आठवडे. वर्ष लावणीपासून मोजा, पिशवीवर गड्ड्याचं वय काय लिहिलं होतं त्यावरून नाही.

आठवड्यांचा आकडा फक्त अंदाजासाठी आहे. खरं बघायचं ते कोंबांच्या जाडीकडे. हंगामाच्या सुरुवातीला कोंब जाड असतात, मग हळूहळू बारीक होत जातात. नवे कोंब बहुतेक पेन्सिलीपेक्षा बारीक येऊ लागले की त्याच दिवशी थांबा, भले पाचवाच आठवडा असो. मुळांतली शिदोरी सरत आल्याची ती खूण असते. पहिल्या वाफ्यात मला ती खूण दिसत होती, पण अजून कोंब येतायत म्हणजे अजून तोडता येतील, असं मी समजत होते.

तोडायचा कोंब १८ ते २२ सेंटिमीटर उंच असावा आणि त्याचा शेंडा घट्ट मिटलेला असावा. शेंड्याचे खवले सुटायला लागले की कोंब बुडाकडून चोथट होऊ लागतो. हवा गरम असली की शेंडे कमी उंचीवरच उघडतात, तेव्हा उंचीची वाट न बघता लवकर तोडा. जाडीवरून मात्र कोंब जून की कोवळा ते ठरवू नका. जाड कोंब उलट जास्त रसाळ असतो.

थंड हवेत दोन-तीन दिवसांनी तोडणी चालते. ऊन तापलं की रोज, आणि ऐन गरमीत सकाळ-संध्याकाळ वाफ्यापाशी जावं लागतं. सकाळी बोटभर दिसलेला कोंब दुसऱ्या दिवशी हातभर होऊन उघडलेला सापडतो.

तोडायच्या दोन पद्धती आहेत. एक, हाताने मोडणं: कोंब खालच्या बाजूला धरून वाकवा, जिथे कोवळा भाग सुरू होतो तिथे तो कट्‌कन मोडतो. चोथट बूड जमिनीतच राहतं आणि सुकून जातं. दुसरी, सुरीने जमिनीलगत कापणं. सुरी मातीत खुपसून खोल कापू नका, शेजारचे अजून वर न आलेले कोंब आंधळेपणाने कापले जातात. मी हातानेच मोडते. नवख्यांनाही तेच सांगेन, कारण चूक व्हायला वावच नसतो.

तोडणीच्या काळात बारीक कोंबही मागे ठेवू नका, नाहीतर त्यांच्यावर कीड अंडी घालते. आईच्या दांड्यांची रीत वापरत असाल तर गोष्ट वेगळी.

पांढरा ॲस्परॅगस हा वेगळा वाण नसतो. कोंब यायच्या आधी ओळीवर २५-३० सेंटिमीटर उंच मातीचा वरंबा चढवतात. अंधारात वाढल्यामुळे कोंब हिरवा होत नाही. वरंब्याला बारीक भेग पडली की माती बाजूला सारून तो खालून कापतात. मेहनत बरीच आहे. आधी दोन-तीन वर्षं हिरवा काढून हात बसू द्या.

८. तोडणी थांबल्यावर पिसाऱ्याला हात लावू नका

पिसारा वाढला की बाग अस्ताव्यस्त दिसते आणि छाटायचा मोह होतो. छाटू नका. पुढच्या वर्षीचं पीक आत्ता त्याच्यातून खाली उतरत असतं. ओळीच्या दोन्ही टोकांना खुंट्या ठोका, दोन्ही बाजूंनी दोरी ताणा आणि पिसारा त्यात धरून ठेवा. वाऱ्याने दांडे बुंध्याशी हलत राहिले तर गड्ड्याला इजा होते.

याच काळात बरेच जण पाणी द्यायचं विसरतात, कारण वाफ्यातून काही मिळत नसतं. पिसारा हिरवा आहे तोवर पाणी आणि निंदणी चालू ठेवा.

पिसारा कधी कापायचा? पूर्ण पिवळा-तपकिरी होऊन वाळल्यावरच. अर्धवट पिवळा असताना नाही, कारण तेव्हाही अन्न मुळांकडे जात असतं. कापताना ५ सेंटिमीटरचे खुंट ठेवा म्हणजे वाफ्यात झाडं कुठे आहेत ते कळत राहील. कीड-रोग झालेला असेल तर वाळलेले दांडे बागेबाहेर टाका किंवा जाळा, कंपोस्टमध्ये घालू नका.

वर्षं जातात तसे गड्डे हळूहळू वर सरकतात. म्हणून झाड झोपलेलं असताना दरवर्षी वाफ्यावर दोन-तीन सेंटिमीटर कंपोस्ट किंवा माती चढवत राहा.

९. कीड आणि रोग

ॲस्परॅगस भुंगा: जिथे ही भाजी बऱ्याच काळापासून पिकते तिथे हा हमखास असतो. अर्धा-पाऊण सेंटिमीटर लांब, निळसर काळ्या पाठीवर पांढुरके ठिपके, मान लाल. त्याची अंडी एकदा पाहिली की विसरत नाहीत: कोंबावर काळपट, बारीक, तिळाहून लहान दाणे ओळीने उभे रोवल्यासारखे दिसतात. अंगठ्याने पुसून काढा. भुंगे सकाळच्या गारव्यात सुस्त असतात, तेव्हा साबणाच्या पाण्याच्या भांड्यात झटकून टाका. नारिंगी रंगाचा, बारा काळ्या ठिपक्यांचा दुसरा भुंगा असतो, त्याच्या अळ्या मुख्यतः फळं खातात. भुंगे वाळलेल्या दांड्यांत आणि कचऱ्यात हिवाळा काढतात, म्हणून वाफा साफ ठेवल्याने पुढच्या वर्षीचा निम्मा त्रास वाचतो.

वाकडे कोंब: एखादा कोंब आकड्यासारखा वळलेला दिसला तर घाबरू नका. गोगलगाय, अळी, वारा किंवा गारठा यांनी एका बाजूला इजा झाली की ती बाजू हळू वाढते आणि कोंब तिकडे वळतो. खायला तो चांगलाच असतो.

हिमाने काळे पडलेले कोंब: तोडून टाका. गड्डा खाली सुरक्षित असतो, नवे कोंब येतात.

तांबेरा: पिसाऱ्यावर नारिंगी-तपकिरी भुकटी दिसते. दाट लावणी आणि भिजलेला पिसारा यांनी वाढतो. हवा खेळती ठेवा, सहनशील वाण निवडा.

फ्युजेरियम मर: भर हंगामात एखादा दांडा पिवळा पडतो, बुंध्याशी कापला तर आत तांबूस रेषा दिसतात. याला औषध नाही. ते झाड मातीसकट काढा आणि तिथे नवा गड्डा लावू नका. मुळं मोडलेल्या, साचलेल्या पाण्यात उभ्या किंवा अति तोडणीने दमलेल्या झाडाला हा रोग आधी धरतो.

१०. तोडल्यानंतर

कोंब तुटला तरी आतून जिवंतच असतो आणि स्वतःतली साखर वापरत राहतो. म्हणून वाफ्यातून थेट स्वयंपाकघरात गेलेल्या कोंबाची गोडी दुसऱ्या दिवशी उरत नाही. सकाळी गारव्यात तोडा, लगेच गार पाण्यात बुडवा.

त्याच दिवशी खायचे नसतील तर बुडं थोडी कापून कोंब भांड्यात दोन-तीन सेंटिमीटर पाण्यात उभे करा, वरून सैल पिशवी घाला आणि फ्रिजमध्ये ठेवा. आडवे ठेवले तर शेंडे वर वळायला लागतात. चार-पाच दिवस चांगले राहतात, पाणी मात्र रोज बदला. शेंडे ओलसर, चिकट होऊन वास आला तर टाकून द्या.

गोठवायचे असतील तर उकळत्या पाण्यात जाडीप्रमाणे दोन ते चार मिनिटं ठेवा, लगेच बर्फाच्या पाण्यात घाला, पुसून कोरडे करा आणि मग फ्रीजरमध्ये टाका. गोठवलेले कोंब नंतर मऊ लागतात, म्हणून ते सूपसाठी राखून ठेवा. ताजे असताना मात्र फार शिजवू नका. उकळत्या पाण्यात तीन-चार मिनिटं पुरतात, रंग गडद हिरवा झाला की काढा.